शंकरभाऊंच्या पाठीमागे

गोवा राज्य झालं तसं पेडण्याजवळच्या पार्से गावच्या शंकरभाऊंना आपल्या नव्या घराच्या भिंती एकदम ओक्याबोक्या दिसू लागल्या. "गोयाक दर्जो मिळालो, माझ्या भिंतीक कित्याक नको?" असं म्हणत त्यांनी सगुणला बोलावलं आणि आपला एक पासपोर्ट फोटो त्याच्या तळहातावर ठेवला.

"ह्याचा मोठा चित्र काढ. हातान काढलेला होया. आयतवारी पावणे येतले, तेच्या आदी भिंतीर लागाक होया."

सगुण नाटकांचे पडदे रंगवायचा. अरण्य, राजवाडा, चांदण्यातला नदीकाठ त्याच्या बोटांवर होता. माणूस मात्र त्यानं कधी काढला नव्हता. तो 'नाय' म्हणणार, इतक्यात आतल्या दाराशी बांगड्या किणकिणल्या. भाऊंची लेक, वर्षा! त्याच्या तोंडून 'होय' कसं निघालं ते त्यालाच कळलं नाही.

भाऊंना मात्र सगळं कळत होतं. ते मिशीतल्या मिशीत म्हणाले, "माका सगळा ठावक आसा रे. चित्र जमला तर फुडली गजाल बोलूया. नाय जमला तर तू तुझ्या पडद्याफाटी आणि माझा चेडू माझ्या घरात."

सगुण तरंगतच देवळाशेजारच्या नाटकाच्या मांडवात आला. लहान कापड हाताशी नव्हतं, म्हणून त्यानं एक अख्खा पडदाच ताणला आणि मधोमध खुर्चीत बसलेले शंकरभाऊ काढले. मिशी, टोपी, कोटाची गुंडी, सगळं फोटोबरहुकूम. मागचा रंगही फोटोतलाच, फिका निळा.

पेडण्याकडच्या गावांत पडदा रंगू लागला की येणारा-जाणारा थांबतो, मान तिरकी करतो आणि काहीतरी खोट काढतो. खोट कुणी काढलीच नाही तर रंगवणाऱ्याला चुकल्याचुकल्यासारखं होतं, कारण पडदा अख्ख्या गावाचा. ही रीत सगुणच्या हाडीमासी खिळलेली. हे चित्र एकट्या भाऊंचं आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

पहिला आला विठू. नाटकात राजा तोच असायचा, त्यामुळे एरवीही तो राजासारखाच चालायचा. त्यानं चित्राकडे लांबून पाहिलं, जवळून पाहिलं.

"तोंड झकास. पण भाऊच्या पाठल्यान काय ना रे! भाऊ दुबयक जावक रांगेत बसल्यासारखो दिसता."

"मगे काय काढू?"

"भाऊची इतकी काजी आसत ती कोणासाठी?"

सगुणच्या अंगात वारं शिरलं. निळ्या रंगावर डोंगर उभा राहिला, डोंगरावर काजूची झाडं डवरली. संध्याकाळी सोनाबाई फुलांची पाटी घेऊन देवळाकडे निघाली होती, ती मांडवात डोकावली. ही सगुणची आत्या. साऱ्या गावाची लग्नं तिच्या ओव्यांनी लागलेली.

"काजी बऱ्यो. पण बोंडू खय रे?"

सगुणनं झाडाझाडाला काजूफळांचे तांबडे-पिवळे बोंडू लावले. सोनाबाईनं कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि तिथल्या तिथे ओवी रचली:

"काजयेक बोंडू, बोंडवाक लाली गो,
भाऊच्या गालार हळद कोणी घाली गो?"

खरंच की! बोंडू असे रसरशीत पेटले होते की त्यांच्यापुढे भाऊ आठवडाभर तापानं निजून उठल्यासारखे दिसत होते. सगुणनं त्यांच्या गालांवर लाली चढवली. दुसऱ्या दिवशी विठू म्हणाला, "आता भाऊ फेणी घेवन बसल्यासारखो दिसता." लाली उतरवली.

"आणि सुर्ल्याच्या खाणीर खनिजाचे ट्रक चलतत ते भाऊचेच मरे? ते नको?" विठूनं पुढची खोट काढली.

ट्रक आले. डोंगरामागून तांबडी धूळ उडवत, वळण घेत, ओळीनं. धुळीवर मावळतीचं ऊन आलं. उन्हात एक उंच माड आला. सगुणला भूक कळेना, तहान कळेना. पडद्यावर रंग ओतावे आणि रंगांनी आपणहून गावं, असे ते दिवस होते. वर्षा देवळात दिवा लावायच्या निमित्तानं येऊन पडद्याआडून विचारून जायची, "जमता मरे?" आणि तो म्हणायचा, "जमता काय विचारतंस? बघशीत तू!"

शनिवारी दुपारी विठू आणि सोनाबाई दोघांनी मिळून चित्र पाहिलं.

"सगुण," विठू हळूच म्हणाला, "माड भाऊच्या टोपयेतसून उगवला."

"आणि ट्रक कानात शिरता," सोनाबाई म्हणाली.

सगुणनं माड खांद्याशी सरकवला. तर भाऊंनी झावळांची छत्री धरली. त्यानं भाऊंनाच थोडं बाजूला सरकवलं. तर भाऊ अर्धे खुर्चीबाहेर आले आणि दुसरा ट्रक दुसऱ्या कानात शिरला. ट्रक पुसावा तर रस्ता तुटतो, माड पुसावा तर आभाळ पोरकं होतं. शेवटी विठूनं दहा पावलं मागे जाऊन, एक डोळा मिटून निकाल दिला.

"सगळा फस्क्लास. एकच खटकता."

"काय?"

"मधी भाऊ आड येता."

सगुणनं पाहिलं आणि त्याच्या काळजात लख्ख उजेड पडला. खोट सापडली होती! आधी देखावा पुरा करायचा, मग भाऊंना नेमक्या जागी नव्यानं बसवायचं. अजून अख्खी रात्र हाताशी होती! त्यानं मोठा कुंचला भरून घेतला आणि मिशी, टोपी, कोट, खुर्ची यांवरून हिरवा उतार आणि तांबडी पायवाट झरझर ओढली. चित्र मोकळा श्वास घेतल्यासारखं उमललं.

"वा रे वा!" विठू ओरडला.

"काय वा रे वा?" मागून आवाज आला. शंकरभाऊ! त्यांना उद्यापर्यंत दम निघाला नव्हता. मागे वर्षा, बापाच्या झपझप पावलांमागे आपलं काळीज सांभाळत आलेली.

भाऊंनी पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. काजी ओळखल्या, ट्रक मोजले. मग वाकून पायवाटेवर नजर फिरवली.

"मी खय?"

सगुणच्या हातातल्या कुंचल्यातून हिरवा थेंब टपकला.

"मी खय, विचारतंय!"

"भाऊनू, तुमी होतात. आताच... पुसलंय."

"पुसलंस? जितो आसतना माका पुसून उडयलंस?" भाऊ तरातरा पडद्यासमोर गेले आणि त्याच्याकडे पाठ करून, छाती काढून सगळ्यांवर गरजले, "अरे, ह्याका मी माझा चेडू देवचा? जेका माझी जागाच ठावक नाय तेका?"

वर्षाच्या डोळ्यांत पाणी तरळलं. इतक्यात सोनाबाई किंचाळली, "शंकर! हालू नको!"

भाऊ जागच्या जागी थिजले. "काय? सरप?"

"सरप न्हय रे. चित्र!"

सगळ्यांनी पाहिलं. पडद्यावरचं मावळतं ऊन भाऊंच्या खांद्यावरून उतरत होतं, पायवाट त्यांच्या पायांशी येऊन थांबली होती, माड बाजूला अदबीनं उभा होता आणि ट्रक कुठल्याही कानात शिरत नव्हते. रागानं गालांवर अशी लाली आली होती की सगुणला शंभर जन्मांत जमली नसती.

"वर्षा, कदेल आण गो," सोनाबाईनं फर्मावलं. वर्षानं खुर्ची आणून बापाला बसवलं आणि तिथेच खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. विठू रंगपटातला मोठा आरसा उचलून धावत आला आणि त्यानं तो भाऊंसमोर धरला.

भाऊंनी आरशात पाहिलं. राग मिशीच्या टोकापर्यंत आला आणि तिथेच विरघळला. त्यांनी हनुवटी वर केली, टोपी सरळ केली, मान जराशी तिरकी केली. आणि मग गावची रीत त्यांच्याही अंगात आली.

"बरा आसा," ते म्हणाले. "पण एक खटकता."

"काय?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"ह्या खांद्याकडे वर्षा आसा. त्या खांद्याकडे मोकळा दिसता. एका अंगाक कललेली होडी कशी!"

विठू आरशामागे लपला, सोनाबाईनं पाटीतली फुलं उगाच सारखी केली. सगुण दोन्ही हातांनी कुंचला धरून उभा.

"बघतंस काय, मेल्या? ये, हय उबो रव."

"भाऊनू, पण तेचो अर्थ..."

"अर्थ मागीर. आदी तोल सांबाळ."

सगुण जाऊन उभा राहिला. भाऊंनी आरशात या खांद्याकडे पाहिलं, त्या खांद्याकडे पाहिलं, पुन्हा या खांद्याकडे पाहिलं. वर्षानं मान खाली घातली होती. तिला हसू आवरत नव्हतं.

"आता कसा?" आरशामागून विठूनं विचारलं. त्याचे हात भरून आले होते.

"आता," शंकरभाऊ म्हणाले, "कोणाक पुसूचा नाय."