हयात व्यक्तीचं नाव

सुनंदाने उखाण्याचा कागद पुढे केला आणि विद्याधरने सवयीने खिशातली लाल पेन्सिल काढली. नाटकांच्या वह्या तपासून मंजूर करणाऱ्या कचेरीत तो कारकून होता. अजून कायम झालेला नव्हता. आणि आज, रविवारी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याच्या साहेबांची बायको वाकोल्याच्या या दोन खोल्यांत येणार होती. सुनंदाचे उखाणे म्हणजे चाळीतल्या बायकांची वर्षाची हसण्याची बेगमी. जात्यावरच्या ओवीसारखी ती एकेक ओळ महिनोन्‌महिने मनात फिरवायची, या एका दुपारसाठी.

घोरण्याचा सूर लागला की भिंतीवरची पाल पळते,
विद्याधररावांच्या रागदारीने अख्खी चाळ तळमळते.

"घोरणं खाजगी," विद्याधरने रेघ मारली. "पाल अशुभ. चाळ तळमळते म्हणजे सार्वजनिक शांततेचा भंग. आणि हे काय, हयात व्यक्तीचं नाव? नियमात बसत नाही."

"मग उरलं काय हो?"

"उरलं ते मंजूर." त्याने खाली सही ठोकली. "यापलीकडे एक अक्षर नको. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

सुनंदाने कागदाची घडी केली. डोळे जरा ओले झाले नि लगेच कोरडेही.

दुपारी बायका जमल्या. विद्याधर आत डब्यांशेजारी कान लावून बसला. साहेबांच्या पत्नी पद्मजाबाई तिळगूळ घेत म्हणाल्या, "तुमच्या उखाण्यांचं फार ऐकलंय हं. होऊन जाऊ दे."

सुनंदाने कागद उघडून संथ वाचलं, "सूर लागला की भिंतीवरची रेघ पळते, रेघरावांच्या रागदारीने अख्खी रेघ."

"हे कोण गं रेघराव?"

"आमचेच. पण हयात व्यक्तीचं नाव घ्यायला मनाई आहे. खाली सही आहे, बघा."

शेजारच्या शेवंतीकाकूंच्या हातातली हळद सांडली. "अगो बाय, घोव हयात आसा म्हणान तर नाव घेतत!"

खोलीभर हसू फुटलं. मग गाळलेल्या जागा भरायची चढाओढ लागली. कुणाच्या भिंतीवरची तसबीर हलली, कुणाचे पोपडे पडले.

"आमच्याकडे तर भिंतीवरचं घड्याळ बंद पडतं," पद्मजाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "यांना वाटतं, मीच चावी द्यायला विसरते."

आत विद्याधरने कानांवर हात ठेवले, पण साहेबांचं घोरणं तोवर ऐकून झालं होतं.

सोमवारी साहेबांनी बोलावलं, दार लोटलं आणि एक कागद पुढे सरकवला.

"परवा आमच्याकडे हळदीकुंकू. आमच्या मंडळींनी उखाणा केलाय. तुमची सही असल्याशिवाय घेणार नाही म्हणते. जरा कडकच तपासा."

कागदावर घड्याळ होतं, घोरणं होतं आणि साहेबांचं नाव वडिलांसकट होतं. विद्याधरने नावावर पेन्सिल टेकवली. शेवंतीकाकू आठवल्या: नवरा हयात आहे म्हणून तर नाव घेतात. पेन्सिल खिशात गेली आणि संध्याकाळी कागद घरी, सुनंदाच्या हाती.

दुसऱ्या दिवशी त्याने तो साहेबांना परत दिला. खाली सही होती.

"काय काय कापलंत?" साहेबांनी आशेने विचारलं.

"काही नाही, साहेब. यमकाला एक अक्षर कमी पडत होतं. ते आमच्या घरातून घातलंय."