राणे ऑफिसला गेलेत

प्रिय इरा आणि नील,

परवा व्हिडिओ कॉलवर बोलताना माझ्या मागून टाय लावलेला एक माणूस तुमच्या खोलीत शिरला आणि आतून दार लावून घेतलं. नील, तू घाबरून विचारलंस, "आजी, आपल्या घरात कोण आहे?" मी म्हटलं, "राणे ऑफिसला आलेत." त्यावर तुम्ही दोघं जे हसलात, ते थांबायच्या आतच फोन कट झाला. म्हणून हे सविस्तर लिहिते. नाहीतर तुमची आई समजेल की मी खोली भाड्यानं दिली.

दिगंबर राणे म्हणजे आपल्या समोरच्या दारातले. सकाळी ते आंघोळ, पूजा करून शर्ट, टाय, बूट असे तयार होतात. सुरेखा, त्यांची बायको, हातात डबा देते. ते वडिलांना "बाबा, येतो" म्हणतात, दार ओढून घेतात आणि बोरीवलीतली सगळी माणसं स्टेशनच्या दिशेनं निघालेली असताना समोरची बेल दाबतात. समोर म्हणजे आपल्याकडे. तुमची तिचाकी सायकल एका धक्क्यात पार करायची, एवढंच हे अंतर.

राण्यांची कंपनी परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं तपासते. एक आकडा चुकला की नाशिकचा कांदा भलत्याच बंदरात जाऊन पडतो. कंपनीचं साकीनाक्याचं ऑफिस बंद झालं आणि सगळ्यांना घरून काम करा म्हणून सांगितलं. बाकीचे लोक खूश झाले. राण्यांच्या घरात मात्र पंचाईत झाली, ती त्यांच्या वडिलांमुळे.

आप्पा, म्हणजे राण्यांचे वडील, मालवणकडचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी परळच्या एका मिलमध्ये घालवली. आता वय झालंय, काल जेवलो का हे आठवत नाही, पण मिल आठवते. धडधाकट मुलगा भरदिवसा घरात बसलेला बघितला की त्यांना एकच अर्थ कळतो. पहिल्याच दिवशी त्यांनी राण्यांना विचारलं, "दिगू, गिरण बंद पडली मां? माका खरा सांग." राण्यांनी लॅपटॉप दाखवला, कंपनी समजावली. आप्पांनी ऐकून घेतलं आणि संध्याकाळी जेवणाचं ताट परत पाठवलं. पोराचा पगार थांबला, तर आपण दोन घास कमी खावे, हा त्यांचा हिशोब. असं आठवडाभर चाललं. म्हातारा माणूस सुकत चालला.

तेव्हा सुरेखा माझ्याकडे आली. "काकू, मुलांची खोली रिकामी असते ना दिवसा?" मी म्हटलं, "दिवसाच काय गं, रात्रीही असते." दुसऱ्या दिवशी दहाला बेल वाजली.

आता राण्यांच्या तऱ्हा सांगते.

पहिली बुटांची. आपल्या घरात चपला बाहेर काढायच्या, हे तुम्हाला ठाऊक आहे. राणे म्हणाले, "काकू, पायात बूट नसले तर माझं डोकं सुट्टीवर जातं." मी म्हटलं, "बूट असले तर माझं डोकं फिरतं." शेवटी त्यांनी नवीन जोड आणला, ज्याला आजवर बाहेरची जमीन लागलेली नाही. बाहेरचे बूट दाराशी काढायचे, पिशवीतून आतले बूट काढून घालायचे. एवढ्याशा प्रवासाला दोन जोड वापरणारा हा मुंबईतला एकमेव नोकरदार असावा. दसऱ्याला त्यांनी लॅपटॉपला झेंडूचं फूल वाहिलं, ते मला पटलं. आतल्या बुटांनाही वाहायला निघाले, तेव्हा मी नाही म्हटलं.

दुसरी तऱ्हा फोकसची. हा त्यांचा आवडता शब्द. "फोकस म्हणजे चप्पल आहे, काकू. रोज एकाच जागी काढली तरच सापडते." त्या फोकससाठी टेबल भिंतीला लावलंय, भिंतीकडे तोंड करून. खिडकीशी बसा, हवा येईल, असं मी सुचवलं होतं. पण पहिल्याच दिवशी नॅशनल पार्कातून आलेलं एक माकड ग्रिलला लटकून त्यांच्याकडे टक लावून बघत बसलं आणि राणे त्याच्याकडे. कोणी आधी नजर वळवावी यात सकाळ गेली. "खिडकी म्हणजे सुट्टी," राणे म्हणाले, आणि टेबल फिरवलं.

फोन ते माझ्या तांदळाच्या डब्यात ठेवतात. कामाचं बोलणं लॅपटॉपवर होतं, फोनवर फक्त मोह येतात, असं त्यांचं मत. मी आपल्या कामवाल्या मंदाला हे सांगायला विसरले. ती तांदूळ घ्यायला गेली आणि तांदूळ वाजायला लागले. पातेलं तिथेच टाकून ती थेट जिन्यात. "आजी, त्या डब्याला मी परत हात लावणार नाय," असं तिनं खालच्या मजल्यावरून कळवलं.

एकदा ऑफिसला आले की राणे ऑफिसलाच असतात. दुपारी जेवून पॅसेजमध्ये शतपावली करताना सोसायटीचे सेक्रेटरी शहाभाईंनी त्यांना गाठलं.

"राणे, टाकीचं बोलायचं होतं."

"मी आत्ता घरी नाहीये."

"अरे, समोर तर उभे आहात ने."

"ऑफिसच्या लंच टाइममध्ये उभा आहे. संध्याकाळी घरी भेटा ना."

शहाभाईंनी एकदा राण्यांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि लिफ्टचं बटण दाबलं.

सुरेखासुद्धा हळूहळू तशीच झाली. एक दिवस मला फोन करून म्हणते, "काकू, ह्यांना जरा सांगा ना, येताना कोथिंबीर आणा."

"येताना कुठून, गं?"

ती स्वतःशीच हसली. मग म्हणाली, "वाट लागलीय माझ्या डोक्याची. मीच आणते."

सुरेखा कोथिंबिरीला खाली उतरली आणि त्याच दिवशी गडबड झाली. राणे डबा घरच्या टेबलावर विसरून आले होते. एरवी आप्पा दार उघडून बाहेर पडत नाहीत. पण डबा दिसला, पोरगा उपाशी राहणार हे कळलं, आणि ते डबा घेऊन निघाले. पॅसेजमध्ये येतात तर आपल्या जाळीच्या दारातून राण्यांचा आवाज. आत मीटिंग चालली होती.

बेल वाजली. मी दार उघडलं तर आप्पा, डोक्यावर टोपी, हातात डबा. आतल्या खोलीचं दार त्या दिवशी नेमकं उघडं होतं. राण्यांनी मागे वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. इतक्या महिन्यांचं सगळं नाटक एका डब्यापायी बुडणार, आणि आप्पांचं ताट पुन्हा परत येणार.

आप्पांनी खोलीकडे नीट बघितलं. टाय, बूट, टेबल, मशीनवर चाललेले हात. मग माझ्याकडे बघितलं. माझा चष्मा, माझी इस्त्रीची साडी, हातातलं पेन. मी शब्दकोडं सोडवत होते.

"बाय, तुमी हयसरच्या सायबीण काय?" म्हणजे, इथल्या साहेब मीच का.

खोटं बोलू नये, हे मी तुम्हाला पाळण्यात असल्यापासून सांगत आले. मी म्हटलं, "हो."

आप्पांनी टोपी काढली. "माझो झील कामाक बरो असा मां?"

"चांगला आहे तुमचा मुलगा. कामात चूक नाही. फक्त डबा विसरतो."

"चुकलो तर कान धरा त्याचो," आप्पा समाधानानं म्हणाले, डबा माझ्या हातात दिला आणि विचारलं, "पाळी कधी सुटता?"

"सहाला," मी म्हटलं.

त्या रात्री आप्पांनी दोनदा भात मागितला, असं सुरेखानं सांगितलं.

तेव्हापासून रोज सहाच्या आधी सुरेखाचा हात धरून आप्पा आपल्या दाराबाहेर येऊन उभे राहतात. खुर्ची दिली तर घेत नाहीत. "गेटार कोण बसता?" मला वाटलं, चार दिवसांचं वेड असेल. पण मग मी पाहिलं, राणे सहाच्या पुढे एक मिनिट थांबत नाहीत. अर्धं वाक्य असेल तर अर्धं सोडून उठतात.

मागच्या महिन्यात त्यांच्या कंपनीतल्या मॅडमनी त्यांना वरची जागा देऊ केली. परदेशातल्या लोकांबरोबरचं काम, पगार जास्त, पण रोज संध्याकाळी आठपर्यंत थांबायचं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. राणे म्हणाले, "मॅडम, सहानंतर जमणार नाही. गेटवर माणूस उभा असतो." मॅडमना काय कळलं असेल कोण जाणे. त्या म्हणाल्या, "बरं, सकाळचं काही असलं तर बघते."

मी चहा घेऊन गेले. म्हटलं, "दिगंबर, आप्पांना मी सांगितलं असतं, आज ओव्हरटाइम आहे म्हणून."

राणे भिंतीकडेच बघत होते. "लहानपणी गेटवर मी उभा असायचो, काकू. भोंगा झाला की आत हजार माणसं, पण बाबा पहिल्या घोळक्यात बाहेर. बाकीचे विडी ओढत, गप्पा मारत यायचे. बाबा कधीच नाही. मी उभा आहे हे त्यांना माहीत असायचं ना." मग बुटाची नाडी सोडत म्हणाले, "दुपारी मी माकडं बघत बसलो, तर सहाला कसा उठणार?"

मी फोकसवर पुष्कळ हसले आहे. त्या दिवसापासून तांदळाचा डबा मी स्वतःच पुढे करते.

त्यात एक भर माझी. दाराबाहेर उभे राहायला लागल्यावर पहिल्या आठवड्यातच आप्पांनी तक्रार केली होती की या गिरणीला भोंगा नाही. म्हणून मी आमटीची डाळ आता सहाच्या बेतानं लावते. कुकरची शिट्टी झाली की दाराबाहेरून "भोंगो झालो" असं ऐकू येतं, खोलीत खुर्ची मागे सरकते, बूट बदलले जातात. राणे रिकामा डबा घेऊन बाहेर येतात. आप्पा त्यांच्या हातातून डबा घेतात, हलवून बघतात, आणि दोघं घरी जातात.

तर तुमची खोली आहे तशीच आहे. छतावरचे चमकणारे तारे मी काढणार होते, राणे नको म्हणाले, रात्रपाळी लागली तर उपयोगी पडतील. तुमच्या पुस्तकांना कोणी हात लावलेला नाही. तुम्ही याल तेव्हा ऑफिसला सुट्टी असेल, असं राण्यांनी आधीच कबूल केलंय, फक्त सहाची शिट्टी बंद ठेवायची नाही.

आप्पांची मिल कधीच पाडली गेली. भोंगा मात्र चालू आहे, रोज सहाला, आपल्या मजल्यावर.

तुमची,
आजी