ढोमणेकाकांचा संथ झुंबा

आमच्या वरच्या मजल्यावरचे ढोमणेकाका जिलबी खाण्याआधी मोजतात. नग नव्हे, जाडी. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, काका व्हर्नियर कॅलिपर ठेवतात. डिफेन्सच्या कारखान्यात सगळी नोकरी इन्स्पेक्शनला गेली. रिटायर झाले तेव्हा कारखाना तिथेच राहिला, तपासणी मात्र घरी आली. खव्याची जिलबी पुढे केली की ते तिला कॅलिपरमध्ये धरतात, मान हलवतात आणि म्हणतात, "कडेला पतली आहे. नापास." मग खातात. नापास माल वाया कशाला घालवायचा?

अशा माणसाने दिवाळीनंतर एकदम मेलोडिका आणली. शाळेच्या बँडात मुलं वाजवतात ती. पेटीसारख्या पट्ट्या आणि फुंकायला नळी. पट्ट्यांवर त्यांनी काकूंच्या नेलपॉलिशने सा रे ग म लिहिलं आणि शिकायला घेतलं ते स्पॅनिश गाणं. ते हो, जे हल्ली प्रत्येक वरातीत वाजतं, ज्यातला एक शब्द कोणाला कळत नाही आणि ज्यावर नवरदेवाचा मामासुद्धा कंबर हलवतो.

"काका, सुरुवातीला एखादं भजन घ्या ना," मी म्हटलं.

"भजन काहून? मले हेच पाहिजे."

हेच का, ते विजय नगरातल्या आमच्या गल्लीला माहीत होतं. समोरच्या बगिच्यात सकाळी झुंबा चालतो, आणि सुमनकाकू तिथे पहिल्या रांगेत असायच्या. साडी खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट. हे गाणं लागलं की काकूंना आवरणं कठीण. काका त्यांची पाण्याची बाटली घेऊन कठड्याबाहेर उभे राहायचे आणि पुटपुटायचे, "डावा पाय लेट आहे."

मग पावसाळ्यात काकू न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं, आता चाला. काकू म्हणाल्या, उद्या. तो उद्या काही उगवेना. पलंगावरून खुर्चीवर, खुर्चीवरून पलंगावर, आणि कोपऱ्यातल्या वॉकरवर टॉवेल वाळत घातलेला. आणखी बसून राहिल्या तर चालणं कायमचं सुटेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बगिच्यात गाणं लागलं की काकू म्हणत, "खिडकी लावा." त्या हसऱ्या बाईच्या तोंडून ते ऐकवत नसे.

अशात आमच्या मंडळाच्या तिळगूळ समारंभासाठी काकांनी परस्पर नाव देऊन टाकलं. नाव द्यायचं त्यांनी, निस्तरायचं आम्ही. लेक पुण्याला शिकायला गेली तेव्हा तिचं युकुलेले माझ्याकडे राहिलं होतं. त्यावर मला तीन कॉर्ड येतात, त्यातला एक चुकतो. तळमजल्यावरच्या तिवारीजींनी व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत राजमा भरून खुळखुळा केला. रविवारी दुपारी गच्चीवर सराव सुरू झाला.

काकांचे सूर चोख होते. लय मात्र विचारू नका. ते धावतं गाणं काका आरतीच्या चालीने वाजवत, आणि आरती तरी शेवटी वेग घेते. शिवाय मध्येच ते थांबत, समोरच्या फरशीकडे बघत राहत, आणि मग पुढचा सूर काढत. तोवर माझं युकुलेले पुढच्या ओळीत पोचलेलं असे.

"अंकल जी," तिवारीजी म्हणाले, "इस पे कोई नाचेगा नहीं, सब हाथ जोड़ के खड़े हो जाएँगे।"

"जल्दी का माल नापास होता है, तिवारीजी।"

"काका, थोडं तरी फास्ट," मी म्हणायची.

"होईल. अजून माल तयार नाही."

समारंभ तोंडावर आला तेव्हा तिवारीजींनी आणि मी ठरवलं, मोबाइलवर गाणं लावायचं आणि काकांनी सुरुवातीला नुसतं फुंकायचं. हे सांगायची कामगिरी अर्थात माझ्या गळ्यात पडली. मी वर गेले. दार उघडं होतं आणि आत तेच गाणं चाललं होतं, त्याच गोगलगायीच्या गतीने.

पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर खडूच्या रेघा आखल्या होत्या. काकांच्या गळ्यात शिवणाची टेप लटकत होती. काकू वॉकर धरून उभ्या होत्या, पायात तेच कॅनव्हासचे बूट. त्यांच्यासमोर काका मेलोडिका फुंकत उलटे चालत होते, नजर काकूंच्या पावलांवर. एक सूर, एक रेघ. मधल्या एका जागी काकूंचा पाय उचलेना. काकांनी तोच सूर लांबवला, तोंड लाल होईपर्यंत लांबवला. श्वास संपला तेव्हा नुसते थांबले, फरशीकडे बघत. पाऊल रेघेवर पडलं, मगच पुढचा सूर आला. गच्चीवर आम्ही ज्याला चूक म्हणत होतो, ती हीच जागा होती.

"पाय दुखून राहिला," काकू म्हणाल्या. "बस झालं आता."

"एकच ओळ राहिली."

"तुमचं काय जातं, नुसतं फुंकायचं."

काकांनी नळी तोंडातून काढली. "मी पण थकून राहिलो, सुमन. पण तू बसून गेली त मी बाटली घेऊन कोणासाठी उभा राहू?"

काकूंनी वॉकर पुढच्या रेघेवर ठेवला.

तेवढ्यात काकांनी मला पाहिलं. "काय काम होतं, संध्या?"

"लय विचारायला आले होते," मी म्हटलं.

समारंभात आम्ही त्याच लयीत वाजवलं. तिवारीजींचा राजमासुद्धा जपून खुळखुळला. लोक आधी हसले, मग गप्पांना लागले. मागच्या रांगेत कोणीतरी खरोखरच हात जोडले. पुढच्या खुर्चीवर बसलेल्या काकूंचे बूट तेवढे शेवटपर्यंत ठेका धरून होते.

मग तिळगूळ वाटायला सुरुवात झाली. काकू खुर्चीवरून उठल्या, वॉकर सरकवत सरकवत काकांपर्यंत आल्या आणि एक हात सोडून त्यांनी वडी पुढे केली. "घ्या. गोड बोला, नापास म्हणू नका."

सवयीने काकांचा हात खिशाकडे गेला. मग तोच हात त्यांनी काकूंच्या कोपराखाली धरला, आणि वडी न मोजता तोंडात टाकली.