गावंडेभाऊंचं विमान

थंडी सुरू झाली की पहाटे माझ्या दाराची कडी वाजायची. दूधवाला नसायचा, आमचा दूधवाला इतक्या लवकर उठत नाही. दारात गावंडेभाऊ उभे असायचे. कानाला मफलर, अंगात शाळेच्या पोरासारखा निळा स्वेटर, हातात पितळी परात आणि परातीत मूठभर ओला कापूस.

"घ्या सर, पुरावा."

मी डोळे चोळत कापसाला बोट लावायचो. रात्रभर अंगणात उघड्यावर ठेवलेला कापूस पहाटे जसा असायला हवा, तसाच तो असायचा. गार आणि दमट.

"दव आहे गावंडेभाऊ."

"दव!" ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायचे. "दव तं साऱ्याईवर पडते ना सर? मंग तुमची भिंत कोरडी काहून? लावा हात. भिंत कोरडी, कापूस ओला. म्हणजे त्याईले नेमका कापूसच पाह्यजे."

"त्याईले" म्हणजे कोणाला, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की शाळेला उशीर व्हायचा. थोडक्यात सांगतो. पहाटे एक विमान येतं. दिवे विझवून येतं, आवाज न करता येतं आणि कपाशीवर बारीक पाणी मारून निघून जातं. मग शेतकऱ्याचा कापूस खरेदी केंद्रावर ओला निघतो, परत पाठवला जातो आणि बिचारा शेतकरी फुकटचा लबाड ठरतो. हे सगळं सांगून झालं की भाऊ परात काखेत मारायचे आणि ठरलेलं वाक्य टाकायचे, "मानू नोका सर. पण ध्यानात ठेवा."

मी पांढरकवड्यात विज्ञानाचा मास्तर. गावंडेभाऊ माझे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. नोकरीत असताना ते सरकारी खरेदी केंद्रावर ग्रेडर होते, म्हणजे बंडीतून आलेल्या कापसाची प्रत ठरवणारे. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. अशा बंड्यांमध्ये कोपरापर्यंत हात घालून कापूस जोखण्यात या माणसाचा जन्म गेला. अशा माणसाला दव कळू नये, याचं मला आधी आश्चर्य वाटलं, मग राग आला आणि शेवटी नुसता थकवा आला. थकवाच टिकला.

विमान हा मुख्य विषय झाला, पण तेवढ्यावर भागत नसे. टीव्हीवर हवामान सांगणारी बाई नेमकी यवतमाळसमोरच काहून उभी राहते, हा त्यांचा जुना सवाल होता. "नागपूर दिसते, अमरावती दिसते, आपला जिल्हा आला का तिचा खांदा आडवा. पावसाचं खरं काय ते तिच्या खांद्यामागं आहे सर." त्यानंतर मीसुद्धा बातम्या लागल्या की त्या बाईचा खांदा बघायला लागलो. बायको म्हणाली, तुम्हांला झालंय तरी काय?

एकदा मी कंबर कसली. स्टीलच्या पेल्यात बर्फ घातला, भाऊंना समोर बसवलं आणि पेल्याच्या बाहेरून पाण्याचे थेंब जमताना दाखवले. "बघा. हे पाणी कुठून आलं? कुठलं विमान आलं होतं?" माझ्या आवाजात विजय होता, नाही म्हणत नाही. भाऊंनी पेला फिरवून फिरवून पाहिला. खालून पाहिला. मग हळूच विचारलं, "बर्फ कोणाच्या फॅक्टरीतला होय सर?"

त्या दिवसापासून मी प्रयोग बंद केले.

आता कोणी म्हणेल, शिकलेला माणूस असं कसं मानतो? मीही म्हणायचो. पण ती वर्षंच तशी होती. कापसाची ती वाईट वर्षं. पेपर उघडावा तर आमच्या जिल्ह्याचं नाव, आणि ते चांगल्या कारणासाठी कधीच नाही. खरी गोष्ट आणि अफवा एकाच एसटीने गावात उतरायच्या आणि दोघींचे चेहरे सारखेच असायचे. कोणी म्हणालं, आपल्या कापसाचा भाव सातासमुद्रापार कुठेतरी ठरतो. मी वर्गात हसलो, पोरांनाही हसवलं. पुढे पेपरात वाचलं तर बऱ्याच अंशी तसंच होतं. कोणी म्हणालं, आता बियाण्याच्या पोटातच विष घालून देणार, अळी खाईल आणि मरेल. मी म्हणालो, काहीतरीच. तेही खरं निघालं. मग म्हणाले, अळी तेही पचवते. तेही खरं निघालं. यानंतर एका निवृत्त ग्रेडरने विमान म्हटलं, तर मी कुठल्या तोंडाने अशक्य म्हणणार? माझ्या 'अशक्य'ला गावात भावच उरला नव्हता.

बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर गावंडेभाऊंचा दरबार भरायचा. रोज भरायचा, पण बाजाराच्या दिवशी त्याला वेगळाच रंग चढायचा. कारण त्या दिवशी शामराव डंभारे यायचे. पाटणबोरीच्या रस्त्याला त्यांचं गाव, तिथेच शेती. उंच, किडकिडीत, धोतराचा सोगा हातात धरून चालणारा अबोल माणूस. ते यायचे, पलीकडच्या बाकावर भाऊंकडे पाठ करून बसायचे, चहा प्यायचे आणि निघून जायचे. तेवढ्या वेळात भाऊंचा आवाज दुप्पट व्हायचा. विमान खाली यायचं, पाणी जास्त मारायचं. सांगायचे आम्हांला, पण नजर त्या पाठीवर. शामराव उठून गेले की भाऊंच्या गोष्टीतली हवाच जायची. अर्धा चहा बशीत तसाच टाकून तेही उठायचे.

दोघे एका गावचे, एका वर्गातले, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. कधीकाळी एका ताटात जेवायचे. मग काहीतरी बिनसलं आणि बोलणं तुटलं. भाऊंना ते पुन्हा जुळायला हवं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. फक्त त्यासाठी विमान कशाला, हे मला कळत नव्हतं. मला वाटायचं, माणूस साधं "काय बे, कसा आहे" असं का म्हणत नाही?

कपाशीची पहिली वेचणी करायच्या आधी आमच्याकडे सीतादही करतात. झाडाखाली खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मग कापसाला हात लावायचा. बोलणं होतं तोवर शामरावांच्या शेतातली सीतादही भाऊंशिवाय होत नसे. पुढे बोलावणं बंद झालं. तरी दरवर्षी त्या सुमारास एक दिवस भाऊ घरात दहीभात करायला लावायचे आणि ओट्यावर एकटेच बसून खायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "पोट बरं नाही सर."

एका पहाटे माझा तोल गेला. रात्रभर पेपर तपासले होते, डोकं उठलं होतं आणि दारात परात. मी भाऊंना काही बोललो नाही, पण नंतर दिवसा गावंडेवहिनी भिंतीवरून कढीपत्ता मागायला आल्या तेव्हा त्यांना बोललो. "वहिनी, आवरा हो यांना. लोक हसतात. साधं दव कळत नाही का या माणसाला?"

वहिनींनी कढीपत्त्याची काडी हातात तशीच धरली.

"त्याईले दव कळत नाही?" त्या म्हणाल्या. "सर, त्या माणसानं जलमभर दुसरं केलं काय? मुठीत कापूस घेतला का सांगत होते, हे दव आहे, हे पाणी आहे. दव वरच्यावर राह्यते. मारलेलं पाणी आत उतरते."

आणि मग त्यांनी सांगितलं. शामरावांशी बोलणं तुटलं त्या वर्षी वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारायची साथच आली होती. कोणी कोणाला बोलत नव्हतं, कारण सगळेच मारत होते. केंद्रावर बंड्यांची रांग लागलेली. शामरावांची बंडी आली. भाऊंनी हसत हसत आत हात घातला. मूठ भरून बाहेर काढली, दाबली आणि सोडली. कोरडा कापूस मूठ सोडली की फुलतो. हा फुलला नाही, गोळा होऊन हातावर बसून राहिला. मागून कोणीतरी ओरडलं, "दोस्ताची बंडी पास करता काय हो साहेब?" सगळ्या रांगेने माना वर केल्या.

"हे म्हणाले, ओला आहे, वापस न्या. शामभौनं तिथंच बैल वळवले अन् गेले. ते गेले ते गेलेच. रांगेतले लोक त्याईच्या तोंडावर हसले, सर."

"पण भाऊंनी खोटं काय सांगितलं?"

"खोटं नाही सांगितलं, तेच तं दुखते त्याईले. घरी येऊन जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणते, रातच्यानं इमान आलतं, पाणी मारून गेलं. मले वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. मंग समजलं." वहिनींनी कढीपत्ता पदरात टाकला. "इमानानं मारलं असन, तं शामभौनं नाही मारलं ना."

 मी विचारलं, "मग त्यांना स्वतःला ते खरं वाटतं?"

"पहिले नोयतं वाटत. आता वाटते. रोज रोज सांगून सांगून आता रात्री उठून खरंच वरतं पाह्यत राह्यते. मी म्हणते, जाऊ द्या. खोट्याचा आधार आहे, पण आधार तं आहे."

मी इतकी वर्षं पोरांना शिकवत आलो की माणूस अज्ञानामुळे खोट्यावर विश्वास ठेवतो. वहिनी गेल्यावर मी ओट्यावर बसून राहिलो. मला फार वाईट वाटलं, आणि त्या परातीवर इतकी वर्षं वैतागलो याची थोडी लाजही वाटली.

पुढच्या साली दसऱ्यानंतरच्या बाजाराला भाऊ परात घेऊनच टपरीवर आले. लोक खुसखुसले. पलीकडच्या बाकावर शामरावांची पाठ होतीच. ती आता वाकली होती. भाऊंनी विमान काढलं, दिवे विझवले, पाणी मारलं. मी नेहमीप्रमाणे तोंडासमोर पेपर धरला होता.

"सर."

मी पेपर खाली केला. शामराव वळून बसले होते. भाऊंकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

"तुमी सायन्सचे होय. तुमीच सांगा आता. असं होऊ शकते काय? इमानातून पाणी?"

 भाऊंची बशी ओठापाशी थांबली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, परातीकडे पाहिलं. हा माणूस इतकी वर्षं बोलत होता तो याच एका प्रश्नासाठी, आणि त्याचं उत्तर माझ्या हातात आलं होतं. मी किती वेळा त्यांना दव म्हणालो होतो, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"होऊ शकतं," मी म्हणालो.  मग वर्गात सांगतो तसं ठणकावून सांगितलं, "पहाटेच्या वेळी होऊ शकतं."

शामरावांनी हातातला कप बाकावर ठेवला.

"मंग माह्या बंडीवरबी तसंच झालं असन," ते म्हणाले.

"तेच तं सांगून राह्यलो बे शाम्या!" भाऊंचा आवाज फुटला. "कवापासून तेच तं सांगून राह्यलो!"

शामराव उठले. मला वाटलं, निघाले. पण ते अलीकडच्या बाकाशी आले, परात उचलून बाजूला ठेवली आणि भाऊंच्या शेजारी बसले. म्हणाले, "चहा सांग." भाऊंना तेवढंही सांगता येईना, तो मी सांगितला.

पुढचे काही दिवस माझे फार हाल झाले. "सायन्सच्या सरनं सोता कबूल केलं," असं गावभर झालं. मुख्याध्यापकांनी मला बोलावून तब्येतीची चौकशी केली. मी म्हणालो, बरा आहे.

आठवड्याभराने सीतादहीचं बोलावणं आलं, भाऊंना आणि त्यांच्यासोबत मलाही. आम्ही सकाळच्या पहिल्या एसटीने गेलो. भाऊंनी निळा स्वेटर धुऊन घातला होता. परात आणली होती, पण वहिनींनी तीत दहीभात दिला होता. ऊन अजून शेतात उतरलं नव्हतं. बोंडं फुटून पांढरी झाली होती आणि सगळं शेत ओलंचिंब होतं. बांधावरून चालताना माझी पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

पूजा झाली. शामरावांनी वाकून पहिलं बोंड वेचलं आणि भाऊंच्या हातावर ठेवलं. मग वर आभाळाकडे बघत म्हणाले, "गड्या, रातच्यानं येऊन गेलं वाटते तुह्यं इमान."

भाऊंनी कापूस मुठीत घेतला. दाबला. मूठ उघडली आणि वाट पाहिली. कापूस हळूहळू, थोडा थोडा फुलत गेला.

"इमान नाही बे," भाऊ म्हणाले. "दव आहे. ऊन आलं का सुकते."