व्यंकटराव मिस्त्रींचा कान

व्यंकटराव मिस्त्री पंपाला कान लावून तो कुणी जोडला ते सांगत. त्यांच्याकडे हातभर लांब एक सागवानी दांडा होता. त्याचं एक टोक गिअरबॉक्सवर, दुसरं कानात, डोळे मिटलेले, आणि पंपघरातले आम्ही सगळे आरोपींसारखे उभे. मग निकाल लागायचा. "हे नरसय्याचं काम. घाईत केलंय. घरी पाव्हणे आले असतील." नरसय्याच्या घरी खरोखरच पाव्हणे आलेले असायचे, याचा मला जास्त राग यायचा.

मी तिथला कारकून. मुसी नदीकाठच्या त्या पंपघरातून निम्म्या वस्तीला पाणी जायचं, आणि ते आपल्या कानामुळेच जातं अशी व्यंकटरावांची प्रामाणिक समजूत होती. "तोंड खोटं बोलतं, यंत्र नै," हे ते दिवसातून पाच वेळा तरी ऐकवत. जामबागेत आमची घरं शेजारी, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही सुटका नसे. एकदा त्यांची बायको दळत असताना त्यांनी जात्याला दांडा लावला आणि 'आज तू रागात आहेस' असं निदान केलं. तोवर ती रागात नव्हती.

एका माणसाच्या कामाला मात्र ते कधी दांडा लावत नसत. याकूब उस्ताद. व्यंकटराव परभणीकडून शहरात आले तेव्हा त्यांच्या हाती पहिला पाना उस्तादांनी दिला होता. उस्तादांसमोर ते विडी ओढत नसत, आणि शहाणपणाही शिकवत नसत. यातलं दुसरं त्यांना किती जड जात असेल, ते मीच जाणे.

पोलीस अॅक्शन होऊन काही महिने झाले होते. निजामाचं राज्य गेलं आणि बाहेरून एक नवे साहेब आले. साहेबांना पंपातलं फारसं कळत नव्हतं, पण माणसं कमी करायची असतात हे पक्कं ठाऊक होतं. विशेषतः जुन्या राज्यातली, वय झालेली आणि याकूब नावाची. फक्त एखादी चूक सापडायची खोटी होती.

ती सापडली. गिअरबॉक्स उघडून साफ केला की चाकांचे दात जुन्याच जोडीला लावावे लागतात. त्यासाठी दातांवर ठिपके ठोकलेले असतात. ठिपक्यासमोर ठिपका आला पाहिजे. झिजलेल्या दातांना परका शेजार सोसत नाही. मोठ्या पंपाचा बॉक्स उस्तादांनी बंद केला आणि तो गुरगुरू लागला. उस्तादांना आता ठिपके दिसत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि आम्ही सगळेच माहीत नसल्यासारखं वागत होतो.

कुणी बंद केला, साहेबांनी विचारलं. त्या पाळीला उस्ताद आणि व्यंकटराव दोघेच होते. दांड्याची कीर्ती साहेबांपर्यंत गेलेली होती. मिस्त्रींनीच ऐकून सांगावं, असा त्यांनी हुकूम सोडला. मी अहवालाचा कागद घेऊन तयार. मनातून थोडा खूशही होतो, हे कबूल करतो. एक तर उस्तादांचं नाव घ्यायचं, नाहीतर कान बिघडला म्हणायचं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका जाहीर करणाऱ्याची आज चांगली जिरणार होती.

व्यंकटरावांनी दांडा लावला. डोळे मिटले. इतका वेळ त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं.

"माझा हात आहे, साहेब," ते म्हणाले. "ठिपका मी चुकवला."

मी ते लिहून घेतलं. अक्षर फार वाईट आलं. हेडमिस्त्रीची जागा व्यंकटरावांना मिळणार होती, ती नरसय्याला गेली. उस्तादांची नोकरी राहिली. माझी मला लाज वाटली.

संध्याकाळी दोघे बॉक्स पुन्हा उघडून बसले. व्यंकटराव एकेक ठिपका शोधत आणि उस्तादांचं बोट धरून त्यावर ठेवत. मी दाराशी थबकलो. उस्ताद हळूच म्हणाले, "बेटा, आज तू झूट बोला."

व्यंकटराव चाकाकडेच बघत राहिले. "मेरा हाथ भी तो आपकाइच दिया हुआ है, उस्ताद. झूट कायका?"