परमात्मा : युद्धकाळातील सेवा

पुस्तक न वाचता त्याच्याबद्दल आदर बाळगणं हे सुसंस्कृत समाजाचं पहिलं लक्षण होय. वाचून आदर काय, कुणीही बाळगेल. कधी कधी वाचल्यावर तो राहतही नाही. म्हणून जाणत्या समाजात पुस्तकांना आधी कव्हर घालतात, मग क्रमांक देतात, मग कपाटात ठेवून कुलूप लावतात, आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो नेमका त्या महिन्यात भारतात गेलेला असतो.

पिस्कॅटवेच्या 'रॅरिटन खोरे मराठी मंडळा'चं ग्रंथालय या कसोटीला पुरेपूर उतरलेलं होतं. चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये दोन लोखंडी कपाटं, सहाशे अकरा पुस्तकं, सात जणांची उपसमिती आणि (१९८३च्या अहवालानुसार) नऊ वाचक. नवांपैकी सात म्हणजे उपसमितीच. उरलेल्या दोघांतला एक टेक्सासात अर्विंगला राहायला गेला होता, पण नाव कमी करायला लेखी अर्ज लागतो आणि तो त्यानं केलेला नव्हता.

अशा या संस्थेला जगन्नाथ खानविलकर यांनी त्रेसष्ट पुस्तकं भेट दिली. विषय एकच: ऑस्ट्रेलियाच्या आरमारातल्या युद्धनौका आणि दुसऱ्या महायुद्धातली त्यांची कामगिरी.

का, असं विचारू नका. त्यांच्या पत्नी सुमित्राकाकू यांनी सात वर्षं विचारलं होतं, त्यांनाही उत्तर मिळालं नव्हतं. जगन्नाथराव मूळचे दापोलीचे, इथे पंप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. ऑस्ट्रेलिया त्यांनी नकाशात पाहिला होता. आणि बोटीचं म्हणाल, तर स्टेटन आयलंडच्या फेरीबोटीत पंचवीस मिनिटांत त्यांना दोनदा उलटी झाली होती. घडलं एवढंच, की १९७६ साली इथल्या गावच्या लायब्ररीनं जुनी पुस्तकं विकायला काढली होती आणि टेबलावर एकच पुस्तक उरलं होतं. बिचारं एकटं पडलंय, म्हणून यांनी उचललं. नाव होतं 'पॅरामॅटा: हर वॉरटाइम सर्व्हिस'. पॅरामॅटा ही लहानशी लढाऊ बोट. नोव्हेंबर १९४१मध्ये दारूगोळ्याच्या जहाजाला सोबत करत ती टोब्रुककडे निघाली होती, तेव्हा पाणबुडीनं टॉर्पेडो मारून बुडवली (गेले एकशे अडतीस, वाचले चोवीस). जगन्नाथराव सोफ्यावर बसून ते वाचत होते आणि चक्क रडत होते. सुमित्राकाकूंना वाटलं, दापोलीहून तार आली.

तेव्हापासून या गृहस्थाची एकच इच्छा होती: हे कुणाशी तरी बोलावं. कुणीतरी एकानं वाचावं, आणि मग चहा घेत दोघांनी हळहळावं. फार नाही मागितलं माणसानं! पण ऑफिसातले अमेरिकन म्हणत, "ऑस्ट्रेलियाला नेव्ही आहे?" मंडळातले मित्र कांगारूंची चौकशी करत. मुलगी मीरा जेवणाच्या टेबलावर "बाबा, नॉट द बोट्स अगेन, प्लीज" म्हणून ताट घेऊन टीव्हीसमोर जाई. पुस्तकं मात्र वाढत गेली.

शेवटी १९८३च्या उन्हाळ्यात सुमित्राकाकूंचे आईवडील यायचे ठरले आणि काकूंनी वाटाघाटी संपवल्या. "हे बघा, त्या खोलीत एक तर माझे आईवडील राहतील, नाहीतर ऑस्ट्रेलियाचं आरमार. दोघांना एक बाथरूम पुरायची नाही."

आरमार मंडळात गेलं.

आता मंडळाचे नियम. नियम ३: सूची मराठीतच असेल. नियम ५: प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घालण्यात येईल (शाळेत घालायचो तसं, अमेरिकेत येऊन माणूस सगळं सोडतो, खाकी कव्हर सोडत नाही). नियम ६: पुस्तक परत करताना रजिस्टरात अभिप्राय लिहिणं सक्तीचं आहे. आणि नियम ७(ब): ज्या पुस्तकाला दोन वर्षांत मागणी आली नाही ते काढून टाकण्यात येईल. जगन्नाथरावांचा जीव या ७(ब)मध्ये अडकला होता. घरी परतीची वाट बंद, आणि इथे दोन वर्षांची मुदत.

सूची करण्याचं काम सचिव पद्मिनीकाकू आगाशे यांचं. त्यांनी जगन्नाथरावांकडून नावं फोनवर उतरवून घेतली. एका खांद्यात रिसीव्हर, एका हातात पेन, एका हातात झारा, समोर तेलात मोहरी तडतडतेय. जगन्नाथराव बोटीचं नाव सांगत होते आणि काकू त्याचं जागच्या जागी मराठी करत होत्या. यात त्यांची काडीचीही चूक नाही. माणसाला ऐकू तेच येतं, ज्याची त्याला सवय असते.

'पर्थ' या क्रूझरचा 'पार्थ' झाला. 'स्टुअर्ट'चं 'स्तोत्र' झालं. 'व्हेंडेटा' नावाच्या विनाशिकेचा 'वेदान्त' झाला. 'वॉटरहेन' तेवढी जशीच्या तशी ऐकू आली आणि ती पाककृतींत गेली (पोटविभाग: मांसाहारी). आणि 'पॅरामॅटा: हर वॉरटाइम सर्व्हिस' हे पुस्तक क्रमांक ६१२, विभाग अध्यात्म, 'परमात्मा : युद्धकाळातील सेवा' या नावानं दाखल झालं. काकूंनी भराभर खाकी कव्हरं घातली, लेबलं चिकटवली. आत डोकावून पाहणं नियमात नव्हतं.

पुढे जे झालं त्याला मंडळाच्या इतिहासात तोड नाही. पहिल्याच महिन्यात 'परमात्मा'ला पाच जणांनी नाव नोंदवलं. दिवाळीपर्यंत प्रतीक्षा यादी झाली. यादीत वर सरकण्यासाठी लोक पद्मिनीकाकूंना ओल्या नारळाच्या करंज्या पाठवू लागले. वर्षदीड वर्षात एक्केचाळीस जणांनी ते नेलं आणि परत केलं. अभिप्रायाच्या रकान्यात 'अप्रतिम' सव्वीस वेळा, 'शब्दांच्या पलीकडचे' नऊ वेळा आणि 'मन शांत झाले' सहा वेळा आलं. पुस्तक दर वेळी इतकं स्वच्छ परत येई की पद्मिनीकाकूंना आपल्या समाजाच्या शिस्तीचा अभिमान वाटे. ज्या दोघाचौघांनी चुकून उघडलं त्यांना पहिल्याच पानावर बोटीचा फोटो दिसला. भवसागर, हे त्यांच्या तत्काळ लक्षात आलं आणि त्यांनी नमस्कार करून मिटलं.

जगन्नाथरावांना आधी हे खरं वाटेना. एक्केचाळीस माणसं पॅरामॅटा वाचतात! या भल्या माणसाचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. मंडळाच्या कार्यक्रमात ते एकेकाला गाठत आणि उत्सुकतेनं, जरा दबक्या आवाजात विचारत, "किती वाचले?"

"सगळं वाचलं!" समोरचा सांगे.

"नाही हो, किती वाचले?"

"अहो, कव्हर टू कव्हर. एका बैठकीत."

आता मराठी भाषेनं 'वाचणं' हा एकच शब्द दोन कामांना ठेवलाय, त्याला जगन्नाथरावांनी काय करावं? ते बोटीवरच्या माणसांबद्दल विचारत आणि लोक पानांबद्दल सांगत. सगळे वाचले म्हणतायत, म्हणजे एकही बुडाला नाही! चौथ्या-पाचव्या वेळी ते सरळ कपाटाशी गेले, सूची उघडली आणि विभाग बघून मटकन खाली बसले.

सांगावं का? सांगितलं तर बोटी अध्यात्मातून बाहेर, बाहेर काढल्या की मागणी बंद, मागणी बंद की ७(ब). न सांगावं तर निदान कपाटात तरी राहतील. जगन्नाथरावांनी तोंडाला कुलूप लावलं. त्यांना ते रुचत नव्हतं, पण बुडत्याला काडीचा आधार, आणि ही तर अख्खी परमात्म्याची काडी होती.

१९८५चा गणेशोत्सव आला (भारतात मंगळवारी असला तरी अमेरिकेत गणपती शनिवारीच येतो, त्यालाही पार्किंग लागतं). मंडळाचे अध्यक्ष एकनाथराव सबनीस यांनी 'परमात्मा : युद्धकाळातील सेवा — एक चिंतन' या विषयावर व्याख्यान जाहीर केलं. एकनाथरावांचा अभिप्राय रजिस्टरात पहिला होता.

याच सुमारास पुस्तकाला बेचाळिसावा वाचक मिळाला. धर्मराज मेश्राम, नागपूरचा, युनिव्हर्सिटीत केमिस्ट्रीची पीएचडी करणारा, बौद्ध घरातला मुलगा. त्यानं पद्मिनीकाकूंना स्पष्ट सांगितलं, "मावशी, मी आत्माच मानत नाही, परमात्मा तर लांबच राहिला. पण लेक्चरला प्रश्न विचारायचे तर आधी बुक वाचायला पाहिजे ना यार." मावशीला यार म्हटल्याचं त्याच्या लक्षात आलं आणि तो जीभ चावून निघून गेला.

खंडन करण्यासाठी त्यानं पुस्तक उघडलं आणि त्यामुळे अर्थातच वाचलं. हे एक शास्त्रच आहे: ग्रंथ शेवटपर्यंत वाचतो तो विरोधक. भक्ताला तेवढी गरज नसते.

व्याख्यानाला एकशे दहा माणसं होती. एकनाथराव पाऊण तास बोलले. युद्ध म्हणजे मनातलं, सेवा म्हणजे निष्काम, काळ म्हणजे साक्षात काळच, असं त्यांनी सोडवून दाखवलं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे टिपले. मग "काही शंका?" असं त्यांनी विचारलं, ज्याचा अर्थ 'बटाटेवडे तयार आहेत' असा असतो.

मागून हात वर झाला. "सर, परमात्मा टोब्रुकजवळ बुडाला."

बटाटेवड्यांकडे निघालेले दोघंतिघं परत बसले.

"बुडाला म्हणजे भक्तीत बुडाला," एकनाथराव प्रेमानं म्हणाले.

"नाही सर, टॉर्पेडोनं बुडाला. ही बोट आहे. ऑस्ट्रेलियन."

"अरे बाळा, बोट म्हणजे रूपक आहे."

"रूपकाचं टनेज देत नाहीत ना सर."

कुणीतरी हसलं. एकनाथरावांचा चेहरा उतरला, मग चढला. "पुस्तकाचे दाते इथे बसलेत," ते म्हणाले. "एक्केचाळीस सुशिक्षित माणसांनी हा ग्रंथ वाचलाय. जगन्नाथराव, तुम्हीच एकदा सांगून टाका. ग्रंथ परमात्म्याचा की बोटीचा?"

सुमित्राकाकूंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्या नजरेत खोली होती, बाथरूम होतं आणि पुन्हा एकदा येऊ घातलेले आईवडील होते. परमात्मा म्हटलं, तर कपाट सलामत. त्या पोराचं हसं होईल, पण पोरं काय, विसरतात. जगन्नाथराव उभे राहिले. त्यांनी एकनाथरावांकडे पाहिलंच नाही. मागच्या रांगेकडे वळून त्यांनी विचारलं, "किती वाचले?"

"सगळं!" एक्केचाळीस जण सवयीनं म्हणाले.

धर्मराजनं आकडा सांगितला.

तो बरोबर होता.

नऊ वर्षं! नऊ वर्षं जगन्नाथरावांनी तो एक आकडा ऐकायची वाट पाहिली होती, आणि बोलला कोण, तर परमात्मा न मानणारा. "बोट आहे," ते म्हणाले. "बोटच आहे हो ती. फार चांगली बोट होती." आणि खाली बसून रुमालात नाक शिंकरलं.

उपसमितीनं तातडीची सभा घेऊन पुढील ठराव केले. सदर पुस्तकं विषयबाह्य असल्यानं परत करण्यात यावीत. सूचीतली चूक फोन कंपनीची मानण्यात यावी. एक्केचाळीस अभिप्राय उत्स्फूर्त व प्रामाणिक असल्यानं ते कायम ठेवण्यात यावेत. अध्यक्षांचं चिंतन स्मरणिकेत जसंच्या तसं छापण्यात यावं. (छापलं. फार गाजलं. 'अप्रतिम' म्हणतात.) बेचाळिसावा अभिप्राय मात्र खोडण्यात यावा, कारण त्याची भाषा आदराची नव्हती. धर्मराजनं लिहिलं होतं: 'नकाशे फिके छापलेत. पान १४०वर तारीख चुकली आहे. रात्री झोप लागली नाही.'

आरमार जगन्नाथरावांच्या गराजमध्ये आलं आणि गाडी रस्त्यावर गेली. दर शनिवारी दुपारी धर्मराज बसनं येतो, दोघं दोन खुर्च्या टाकून बसतात, आणि सुमित्राकाकू "या, बुडवा आज कुठली ती" म्हणत चहा आणून ठेवतात. सध्या वेदान्त चालू आहे.

मंडळाच्या रजिस्टरात खोडलेल्या ओळीखाली एक जागा अजून रिकामी आहे. तुम्ही इथपर्यंत आला आहात, तेव्हा तीवर तुमचाच हक्क. जगन्नाथराव कुठे भेटले तर फक्त एकच विचारतील. आकडा या गोष्टीत एकदाच आलाय, तोही कंसात. आणि कंसातलं आपण कसं वाचतो हे आपल्याला ठाऊक आहे. मागं वळून बघायचं नाही. तर सांगा, किती वाचले?

आणि कृपा करून 'सगळं' म्हणू नका. ते आधीच एक्केचाळीस जणांनी म्हटलंय.