क कवळीचा, द दाताचा

घर नीट लावायचं असं प्रसेनजीतनं मनावर घेतलं आणि मंगळवार पेठेतल्या एका बऱ्या चाललेल्या संसाराला नाट लागली.

त्याला कारण ट्रेनिंग. प्रसेनजीत सरकारी कचेरीत रेकॉर्ड रूमचा कारकून. ऑफिसनं चहा-बिस्किटासह ट्रेनिंग ठेवलं होतं आणि पुण्याहून आलेल्या बाईंनी सांगितलं, की प्रत्येकाचं डोकं वेगळ्या रीतीनं चालतं. कुणाचं रंगांनी, कुणाचं चित्रांनी, कुणाचं अक्षरांनी. ज्याचं डोकं जसं चालतं तसं त्यानं घर लावावं, म्हणजे हवी ती वस्तू आपण होऊन हाताला येते. मग बाईंनी सगळ्यांची चाचणी घेतली आणि प्रसेनजीतचं डोकं अक्षरांनी चालतं असा निकाल दिला. (आपलं डोकं चालतं, हेच त्याला चाळिशीत पहिल्यांदा कुणीतरी अधिकृतपणे सांगत होतं. माणूस हुरळणारच.)

त्याच आठवड्यात एका होमिओपॅथी डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. त्यांचं छोट्या-छोट्या ड्रॉवरचं उंच कपाट प्रसेनजीतनं हातगाड्यावर घालून घरी आणलं, सोप्यात उभं केलं आणि प्रत्येक ड्रॉवरवर एकेक अक्षर चिकटवलं. ङ आणि ञ हेसुद्धा सोडले नाहीत. त्यांत ठेवायला काही नव्हतं, पण त्याच्या मते अन्याय कुणावर नको.

त्याची बायको संघप्रिया हिचं डोकं मात्र भांडणांवर चालायचं. घरातली कुठलीही वस्तू विचारा, ती आधी भांडण सांगायची आणि मग जागा. चाळण कुठे आहे? तर तुमच्या चुलतभावाच्या साखरपुड्यात मला मागं बसवलं, त्या रागात माळ्यावर फेकली, तिथंच असणार. आणि चाळण तिथंच असायची. अडचण एवढीच, की चाळणीसाठी नवऱ्याला ते भांडण पुन्हा एकदा पहिल्यापासून करावं लागायचं. या जाचातून सुटायचं म्हणून तर त्यानं कपाट आणलं होतं.

पहिल्याच रात्री लाईट गेली. प्रसेनजीत चाचपडत ट पर्यंत पोचला, कारण टॉर्च. टॉर्च तिथं नव्हता. दिवसा ठेवताना तो बॅटरी म्हणाला होता, त्यामुळे तो ब मध्ये पडला होता, आणि ब सापडायला बॅटरी लागत होती. संघप्रियानं अंधारात एवढंच विचारलं, की बाईंनी डोक्याची चाचणी उजेडात घेतली होती का.

खरी गोष्ट पुढंच आहे, आणि ती हसण्यासारखी नाही. प्रसेनजीतचे वडील बाळासो, म्हणजे त्याचे आबा, त्या उन्हाळ्यात अंथरुणाला खिळले होते. विहारातली एक सभा त्यांच्या भाषणाशिवाय कधी झाली नाही. दात पडले तेव्हा त्यांनी कवळी बसवून घेतली, ती खाण्यासाठी कमी आणि भाषणासाठी जास्त. आपला पोरगा काही कामाचा नाही, हे मतही ते त्याच खणखणीत कवळीतून गल्लीला ऐकवत. आता सगळं पेजेवर आलं होतं, तेव्हा प्रसेनजीतनं ती कवळी धुऊन क मध्ये ठेवली.

एकदा शेजारच्या शालूबाई भेटायला आल्या, तसे बाळासोंनी दात मागितले. प्रसेनजीतनं मोठ्या ऐटीत क उघडून ते दिले. म्हातारा भडकला.

"कवळी पानाची असती रं. मी काय पान हाय व्हय? दात म्हन, दात." मग जरा दम खाऊन त्यांनी मुलाचा हात धरला. "एक काम कर माझं. बोळक्या तोंडानं मला न्हेऊ नगंस. सभेतली मान्सं बघाय येतील. दात घालून न्हे. एवढं तरी धड कर."

प्रसेनजीत हो म्हणाला. आजवर वडिलांनी सांगितलेलं एकही काम त्याच्या हातून धड झालं नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हे एक तरी करायचं, असं त्यानं मनाशी धरलं.

दुखणं वाढलं तशी गारगोटीहून पारूबाई आत्या आल्या. बाळासोंची धाकटी बहीण. आवाज असा, की त्या गल्लीच्या तोंडाला रिक्षातून उतरल्या, तरी संघप्रिया घरात चहाला आधण ठेवायची. भावाच्या उशाशी त्या बसून राहिल्या, आणि एके पहाटे बाळासो गेले.

प्रसेनजीतला रडू येईना. काय करावं तेही सुचेना, म्हणून तो घर आवरायला लागला. समोर दिसेल ती सुटी वस्तू उचलायची आणि ड्रॉवरमध्ये टाकायची. खिडकीत एका वाटीत दात दिसले. आबांचं बोलणं आठवून त्यानं ते या वेळी द मध्ये ठेवले. वडिलांनी काढलेली एक तरी चूक त्यांनी सांगितल्याप्रमाणे दुरुस्त केली, एवढंच त्या वेळी त्याच्या मनात होतं.

तासाभरात दार माणसांनी भरलं. बाळासोंना पांढऱ्या कपड्यात निजवलं होतं. कुणीतरी म्हणालं, दात राहिले की. संघप्रियानं नवऱ्याकडं असं बघितलं, जणू आता हे प्रेत आठवडाभर तरी निघत नाही. प्रसेनजीत उठला, सरळ कपाटाशी गेला, द उघडला आणि दात घेऊन आला. सगळे बघतच राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्याची पद्धत चालली होती, आणि ती कुणासाठी, तर आबांसाठी. भरल्या डोळ्यांनी त्यानं बायकोला हळूच म्हटलं, "बघितलंस? आपोआप हाताला आले."

दात बसता बसेनात. गुंडू न्हावी जाणता माणूस, त्यानं जबडा धरला आणि प्रसेनजीतनं अंगठ्यानं रेटलं. खट्‌ असा आवाज झाला. दात बसले, पण ओठ मिटेनात, आणि आयुष्यभर पोराकडं बघून कपाळाला आठ्या घातलेला माणूस हसायला लागला.

ते बघून आत्या भावाच्या अंगावर झेपावल्या. सकाळपासून त्या तोंडाला पदर लावून गप्प होत्या. एवढा आवाज असलेली बाई मुकी झाली, याचंच सगळ्यांना नवल वाटत होतं. आता त्यांनी एका हातानं पदर तसाच धरून दुसऱ्या हाताची बोटं थेट भावाच्या तोंडात घातली. बायकांनी त्यांना मागं ओढलं. भावाला शेवटचं पाणी पाजायचं असेल म्हणून शालूबाईंनी चमचा हातात दिला. आत्यांनी तो चमचा दातांच्या फटीत घालून उचकटायला सुरुवात केली. मग दोघींनी त्यांना धरून भिंतीशी बसवलं. बहीण असावी तर अशी, म्हणून सगळी गल्ली रडली.

त्रिसरण-पंचशील झालं. पंचगंगेच्या काठी अग्नी दिला. येताना जो तो प्रसेनजीतला म्हणत होता, म्हातारा समाधानानं गेला, चेहऱ्यावर हसू होतं. वचन पुरं केल्याचं त्याला इतकं बरं वाटलं, की त्या दिवसात पहिल्यांदा त्याला भूक लागली.

शेजारणींनी पिठलं-भाकरी पाठवली होती. बाहेरची माणसं गेली आणि घरात तिघंच उरली. संघप्रियानं आत्यांपुढं ताट ठेवलं, तशी त्यांनी दाराला कडी लावायला सांगितली आणि तोंडावरचा पदर काढला. तोंडात एकही दात नव्हता.

"सासरी कुनाला ठावं न्हाय," त्या फुसफुसल्या. "वाटीत ठिवलंतं. माजंच दात माज्या डोळ्यादेखत जळाय गेलं, आनि चारचौघांत बोलता यीना मला."

प्रसेनजीतच्या हातातला घास हातातच राहिला. म्हणाला काय, तर उद्या रक्षाविसर्जनाला नीट बघतो, सापडले तर आणतो. (अक्षरांनी चालणारं डोकं दुःखातसुद्धा थांबत नाही.) संघप्रियानं कपाळावर हात मारून घेतला.

मग तो उठून कपाटाशी गेला. क उघडला. आबांची कवळी तिथं होती, शालूबाई गेल्यावर त्यानं सवयीनं परत ठेवली होती तशीच, धुतलेली. ती ओंजळीत घेऊन तो खाली बसला आणि दिवसभर न आलेलं रडू त्याला एकदम आलं. एवढं एकच काम मागितलं होतं त्यांनी, असं म्हणत तो लहान पोरासारखा रडला. संघप्रिया त्याच्या जवळ जाऊन बसली. कुठलंही भांडण काढलं नाही तिनं.

आत्यांनी बराच वेळ त्याला रडू दिलं. शेवटी भाकरी वाळायला लागली तशा त्या पुढं झाल्या, त्याच्या ओंजळीतली कवळी उचलली, तांब्यातल्या पाण्यानं खळबळून घेतली आणि तोंडात बसवली. दोनदा जबडा हलवून बघितला. भाकरीचा तुकडा चावला, गिळला. भाऊ-बहिणीचा जबडा एकाच घडणीचा होता.

"बसलं, आत्या?" प्रसेनजीतनं डोळे पुसत विचारलं.

"बसलं की, झ्याक बसलं," आत्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "पन दादाचंच दात हाईत, लेकरा. तुला बघितलं की आपोआप करकर वाजाय लागल्यात."